जेवणाऱ्या बाई

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ज्या गावांत आम्ही सर्वेक्षणाला जात होतो, तिथे बाईंना त्यांच्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. नाव मीही इथे सांगणार नाही. एक तर त्यांना ते आवडलं नसतं, आणि गावांनी ठेवलेलं नाव त्यांना जास्त शोभत होतं. माझी स्कूटी गावात शिरली, मागे पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बाई दिसल्या, की चहाच्या टपरीवरचं कुणीतरी हमखास म्हणायचं, "आल्या बघा जेवणाऱ्या बाई!"

बाईंच्या कानावर ते जायचंच. त्या मला थांबायला लावायच्या आणि त्या गड्याकडे बघून विचारायच्या, "व्हय, आले. तुझ्या घरी काय केलंय आज?" गडी चहाच्या कपात तोंड घालायचा. बाई खरंच जेवायला जातील, हे त्याला ठाऊक असायचं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. गृहविज्ञानाची पदवी घेतली होती आणि आहाराचं सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेतली ती पहिलीच नोकरी. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायका काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय आणि किती खाल्लं ते सांगणार, आम्ही ते टॅबवर भरणार, मग वजन, उंची आणि बोटाच्या टोकाचं रक्त घेणार, असं ते काम. माझ्याकडे टॅब होता, मापाच्या वाट्यांचा संच होता आणि आत्मविश्वास तर उतू जात होता. बाई म्हणजे निवृत्त नर्स. सगळी नोकरी याच भागातल्या उपकेंद्रांत काढलेली. गावं माहीत आहेत म्हणून संस्थेने त्यांना आमच्याबरोबर दिलं होतं. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत शंभर पानी वही, नेलकटर आणि बहुतेक वेळा मूठभर पाला.

पाला बांधावरचा असायचा. चिघळ, पाथरी, तांदुळजा अशा रानभाज्यांचा. कांद्याच्या वाफ्यात खुरपणाऱ्या बायका दिसल्या की बाई माझ्या पाठीवर थाप मारायच्या, म्हणजे स्कूटी थांबवायची. उतरून थेट वाफ्यात. बायकांनी उपटून फेकलेल्या ढिगातून त्या निवडून निवडून पिशवीत भरायच्या आणि बोलत राहायच्या, "हितं हे उपटून फेकायचं आन् तिकडं दवाखान्यात रक्ताच्या गोळ्यांसाठी रांगंत उभं ऱ्हायचं. शानपना हाय का ह्यो?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. अलीकडे बऱ्याच शेतांत तणनाशक मारलेलं असे. तसं शेत दिसलं की बाई बांधावर नुसत्याच उभ्या राहायच्या आणि रिकाम्या हाताने परत येऊन मागे बसायच्या.

समोरच्या बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघणं ही त्यांची दुसरी सवय. रक्त कमी असलं की पापणीची आतली बाजू पांढरी दिसते. नर्सने ते बघावं, पण कुठे? बाईंनी एसटीतल्या महिला कंडक्टरची पापणी ओढली होती. बँकेत पासबुक भरून देणाऱ्या मुलीची, काचेच्या फटीतून हात घालून. शिक्रापूरला एका लग्नात आम्ही दोघी गेलो होतो. नवरा-नवरी स्टेजवर, फोटोसाठी ही रांग. बाईंनी नवरीच्या हातात पाकीट दिलं आणि दुसऱ्या हाताने तिची पापणी खाली ओढली. नेमका तेव्हाच फोटोग्राफरने फोटो काढला. नवरीच्या आईला बाई मोठ्याने म्हणाल्या, "लगीन केलंसा, झ्याक झालं. आता हिला वाईच खायला घाला." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझी पापणी त्यांनी पहिल्या दिवशी भेटताक्षणीच बघितली होती. "तू बी पांढरीच हायस," म्हणाल्या. ओळखपाळख, नाव-गाव सगळं त्यानंतर.

मी भरलेला पहिला फॉर्म कोरेगाव भीमाचा. दुमजली घर, दारात ट्रॅक्टर, मालक पंचायतीत. घरातल्या सुनेने मला ओसरीवर बसून सांगितलं, मी भराभर भरलं. दूध, अंडं, मटकीची उसळ, मेथी, भाकरी, भात. असं जेवण तर माझ्या आईच्याही ताटात नसायचं. मी खूश. बाईंनी टॅबवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "ह्यो सैपाक लिवलाय तू. हिनं काय खाल्लं ते कुठाय?"

मग त्यांनी मला त्यांची पद्धत दाखवली. आम्ही तिथेच थांबलो. बारा वाजता पुरुष जेवले, मग मुलं शाळेतून येऊन जेवली, मग सासू. बाईंना तीनदा ताट विचारलं गेलं. तिन्ही वेळा त्यांचं उत्तर एकच, "मी हिच्यासंगं बसनार." पावणेतीनला सुनेचं काम आवरलं. आता पंचाईत अशी, की पाहुण्याला एकट्याला जेवू घालायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पाहुणी म्हणते तू बसल्याशिवाय मी घास तोंडात घालणार नाही. सून बसली. बाई स्वयंपाकघरात फरशीवर तिच्याशेजारी. तिच्या ताटात सकाळची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आमटीचा तळ. उसळ संपली होती. अंडी मुलांची. दूध डेअरीला गेलेलं.

"एखादं अंडं उकडून घ्यायचं की गं," बाई म्हणाल्या.

"एकटीसाठी?" ती हसली. "मनच व्हत न्हाई, बाई."

बाईंनी वहीत लिहिलं, "भाकर दीड. चटणी. उसळ नाही. खोटं बोलली पण गोड बोलली." बाईंच्या वहीतल्या नोंदी अशाच असत. संस्थेतल्या साहेबांना ती वही मुळीच मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, तुम्ही जेवायला बसलात की त्या घरातलं त्या दिवसाचं खाणं बदलतं, मग आपण मोजतो काय? बाई म्हणायच्या, "मी कालचं इचारते, साहेब. आज फकस्त जेवते." मला तेव्हा साहेब पुस्तकी वाटायचे. बाईंच्या मागे हिंडून हिंडून मीही कुणी 'जेवले की' म्हटलं तर गालातल्या गालात हसायला शिकले होते. बायकांचं खोटं आम्हाला लगेच कळतं, असा आम्हा दोघींचा समज झाला होता.

मंगलचं घर पाटसपासून आत चार-पाच मैलांवर. कारखान्याचं धुराडं तिथून दिसायचं आणि गाळपाच्या दिवसांत रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. आता ऊस आणि कांदा. म्हाताऱ्या सासऱ्यांच्या हौसेपोटी आठ-दहा मेंढरं राहिली होती. नवरा कंपनीत कंत्राटावर, पाळी असेल तसा डबा घेऊन जाणारा. मंगल बावीस वर्षांची. बारीक, तरतरीत, फार हसणारी. तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळ सातव्यात आलं आणि दोन दिवसांत गेलं होतं. बोटाचं रक्त घेतलं तर हिमोग्लोबिन साडेसात भरलं, अकरा तरी हवं होतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, रक्त वाढलं नाही तर हेही मागच्यासारखं होऊ शकतं, आणि या वेळी हिच्याही जिवाला धोका आहे.

बाईंनी मंगलला पोटच्या पोरीसारखं धरलं. गोळ्या सुरू केल्या. ती गोळी चहाबरोबर घेते, म्हणजे त्यातलं लोह अंगाला लागतच नाही, हे कळल्यावर बाईंनी आख्खी गल्ली गोळा होईल इतका आरडाओरडा केला आणि ती सवय मोडली. दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघी जायचो, अर्थातच जेवणाच्या वेळेला. म्हणजे तिच्या जेवणाच्या वेळेला, दुपारी अडीच-तीनला. सासू तेव्हा मळ्यात असायची. मंगल टोपलं पाठीशी ओढून, फडकं वर करून भाकरी काढायची आणि वाढायची. दुसऱ्या कुठल्याही घरात बाई भांड्यांवरची झाकणं स्वतः उचलून बघायच्या. इथे त्यांनी कधी उचललं नाही. त्या मंगलशी बोलण्यात गुंतलेल्या असायच्या. "बघ, कसं पोटभर जेवती माझ्यासंगं," मला म्हणायच्या.

मंगलच्या ताटात आमटी भरपूर असायची आणि तिचे हात सारखे हलत असायचे. भाकरी फार बारीक कुस्करायची. एवढं मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मी लावला नाही. सकाळी साताला घर सोडलेलं असायचं, मला भूक लागलेली असायची, आणि तिच्या हातची बाजरीची भाकरी फार चांगली व्हायची.

रक्त वाढेना. आठला गेलं आणि पुन्हा साडेसातवर आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यात काही कमी आहे का? बाईंनी छातीठोकपणे सांगितलं, "खान्याचं बघू नका. माझ्या डोळ्यांसमोर जेवती ती." गावांतल्या बायकांच्या ताटांबद्दल बाईंचा शब्द अखेरचा मानला जायचा. त्यामुळे डॉक्टरीणबाई दुसरीकडेच कारण शोधत बसल्या. जंताचं औषध दिलं, गोळी बदलून पाहिली. यात दीड महिना गेला.

सातवा लागला. बोटाचं रक्त सातच्या खाली गेलं त्या दिवशी बाईंचं डोकं फिरलं. आम्ही पोचलो तेव्हा सासू घरीच होती, अंगणात शेंगा फोडत बसलेली. बाईंनी पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. "आमी येतो तवाच पोरीला पोटभर मिळतं," त्या ओरडल्या. "बाकीचे दिवस उपाशी ठेवता व्हय तिला? एक लेकरू गेलं, त्यानं भागलं न्हाई?"

सासूच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती काही कजाग बाई नव्हती. आवाजही चढवला नाही तिने.

"माझ्या घरात उपाशी?" ती म्हणाली. "हिच्या नावाच्या दोन भाकरी मी रोज मोजून झाकून ठेवते. माझी सासू मला एकच ठेवायची. तुमी दोघी येता त्या दिशी बी टोपलं मोकळंच आसतं. मला वाटायचं, ही तुमच्यासाठी येगळ्या टाकती. मागल्या बारीला तुमी गेल्यावर चुलीला हात लावून बघितला, तर गार. मग तुमीच सांगा बाई, त्या दोन भाकरी कुनी खाल्ल्या?"

बाईंनी मंगलकडे पाहिलं. मंगल दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"काय गं?"

"पाव्हण्यांच्या ताटात कमी कसं वाढायचं, बाई?"

"मग आजून दोन टाकायच्या हुत्या की. पीठ न्हवतं का?"

"पीठ हाय की." तिला प्रश्नच कळला नसावा. "पर दुपारची परत चूल पेटवायची? आपल्यासाठी?"

एक भाकरी बाईंच्या ताटात, अर्धी माझ्या. उरलेली अर्धी कुस्करून, आमटीत बुडवून ती आमच्यासमोर चवीने खात बसायची, आणि विचारलं की म्हणायची, दोन झाल्या, पोट भरलं. आम्ही दोघी, ज्यांना बायकांचं खोटं लगेच कळतं, ते ऐकून वहीत आणि टॅबवर लिहून घेत होतो. नंतर मी टॅबवर त्या तारखा उघडून पाहिल्या. प्रत्येक वेळी मी तिच्या नावापुढे दोन भाकऱ्या भरल्या होत्या.

चार-सहा दुपारच्या जेवणांनी कुणाचं रक्त उतरत नाही, हे मला कळतं. बाईंना तर माझ्याहून जास्त कळत होतं. मूळ गोष्ट अशी की दोन जिवांच्या बाईला त्या मोजून ठेवलेल्या दोन भाकरी रोजच अपुऱ्या होत्या आणि ते हेरायलाच तर आम्ही गेलो होतो. ते आम्ही हेरलं नाही. उलट बाईंनी डॉक्टरांना ग्वाही दिली आणि दीड महिना घालवला. ही चूक बाई पुढे कधीच स्वतःला माफ करू शकल्या नाहीत. मीही स्वतःला माफ केलं नाही, पण माझी गोष्ट वेगळी. मी निदान चूक दुसऱ्यावर ढकलू शकत होते.

त्या दिवशी परत येताना आम्ही चौफुल्याला पोचलो. मग मागून आवाज आला, "रांजणगावच्या बाजूला एक हुती. तिच्याकडं वरीसभर जेवले मी." थोड्या वेळाने, "पारगावची ती तर आमटीच प्यायची नुसती. मी म्हनायचे, हिला आमटी आवडती." शिरूर येईपर्यंत त्या एकेक गाव आठवत होत्या. घराशी उतरल्यावर मला विचारलं, "किती जनींचं खाल्लं आसंल गं मी?" मी स्कूटी वळवली आणि घरी जाऊन रडले.

त्यानंतर बाई कुणाच्याही घरचं जेवल्या नाहीत. पिशवीत भाकरी आणि चिघळाची भाजी बांधून आणायच्या आणि समोरच्या बाईच्या ताटात निम्मी वाढूनच खायला बसायच्या. झाकणं मात्र सगळीकडे उचलायच्या. शंभर पानी वही त्यांनी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणाल्या, "ह्यातलं खरं किती, मला म्हाईत न्हाई. तुमचं बराबर हुतं." साहेब चांगले निघाले. त्यांनी वही जपून ठेवली. गावांनी मात्र नाव बदललं नाही. जेवणाऱ्या बाई त्या शेवटपर्यंत जेवणाऱ्या बाईच राहिल्या. मागच्या वर्षी त्या गेल्या, झोपेतच. मी पोचले तेव्हा अंगणात इतक्या गावांच्या बायका बसल्या होत्या, की घरच्यांनाच कळेना या कोण.

मंगलला शिरेतून लोहाची औषधं दिली, पुढे पुण्याला नेलं. बाळंतपणात दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली, वजनाला कमी, पण जगली. आता अंगणवाडीत जाते. त्या बाळंतपणाआधीचे दोन महिने आम्ही तिघीचौघींनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

पण मला बाई म्हटलं की आठवते ती त्याच दिवशीची, भांडण झाल्यानंतरची दुपार. मंगलचं बोलणं ऐकून बाई पायरीवर खाली बसल्या होत्या. मग त्यांनी बूट काढले, हातपाय धुतले, पदर खोचला आणि कुणालाही न विचारता मागच्या अंगणात गेल्या. चुलीत काटक्या घातल्या. मंगल "आवं बाई, आवं बाई" करत मागे धावली, तिला त्यांनी खांद्याला धरून पाटावर बसवलं. "हलू नगंस," म्हणाल्या. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं.

भर तीन वाजता त्या घरातून धूर निघाला. शेजारची एक बाई भिंतीवरून डोकावली, "कोन आलंय गं?" बाई भाकरी थापत राहिल्या.

पहिली भाकरी फुगली. बाईंनी ती मंगलच्या ताटात टाकली, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. मंगलने सवयीने तिचे दोन तुकडे केले आणि एक बाईंपुढे धरला. बाईंनी तिचा हात परत तिच्या ताटाकडे वळवला. ती खाऊ लागली. आधी लाजत, मान खाली घालून. दुसरी भाकरी तिने जरा वेगाने खाल्ली. सासू मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचं तोंड अजून रागाचंच होतं आणि नजर सुनेच्या हातावर. मला वाटलं, ही मोजते आहे. तिसरी भाकरी ताटात पडली, तीही गेली. बाईंनी परातीत हात फिरवला. परात कोरडी होती.

"झालं का पोट?" त्यांनी विचारलं.

मंगलने आधी सासूकडे पाहिलं, मग बाईंकडे. ताटातला शेवटचा तुकडा तिने चटणीला पुसून तोंडात घातला. तिचे डोळे भरले होते.

"न्हाई," ती म्हणाली. "आजून भूक हाय."

बाई परात हातात धरून तशाच बसल्या. सासू चौकटीपासून हलली, आत गेली आणि पिठाचा डबा घेऊन आली.